नवरात्रात जेवणारी सून

नाशिकच्या द्वारका चौकात पाच मिनिटं उभं राहून कुणाशी हळू आवाजात बोलून दाखवा, मी तुम्हाला मानीन. तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बुकिंगच्या काउंटरवर बसते. बाहेर हॉर्न, आत ड्रायव्हर, फोनवर व्यापारी, आणि तिघांनाही एकाच वेळी माझ्याशीच भांडायचं असतं. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि जीभ त्याहून लांब. हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं ऐकलं की बाया मान वाकडी करून "अगं बाई, बिचारी!" म्हणतात, आणि मला कुणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारी असेल तुमची शेजारीण. मी योगिनी. मी जे केलंय त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. लपवालपवी खूप झाली.

लग्न होऊन मी पंचवटीत, हिरावाडीत आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "उपास-बिपास करती का काही?" मी म्हणाले, सोमवार करते. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. माझ्या सासूबाई म्हणजे सिंधुबाई. येवल्याकडच्या खेड्यातल्या. नाशकात येऊन जन्म गेला तरी बोली तीच आणि तोराही तोच. त्यांच्या कौतुकापायी सोमवारला गुरुवार चिकटला, मग चतुर्थी आली, मग एकादश्या. "आमची योगी लय कडक हाय. पानी सुदिक घेत नाय," असं त्या गल्लीभर सांगायच्या. पाणी मी प्यायचे हो! पण त्यांचं तोंड कोण धरणार? आणि खरं सांगू का, कौतुक कुणाला कडू लागतं?

आता त्याच कडक सुनेची संध्याकाळ ऐका. उपासाच्या दिवशी मी ऑफिसातून घरी यायचे. सासूबाई देवळात, आमचे हे म्हणजे संतोषराव दुकानावर. घरात मी आणि फळीवरचे डबे. आधी दोनच वेफर्स, उपासाचेच. मग शेंगदाण्याचा लाडू, तोही उपासाचाच. मग हात चिवड्याच्या डब्यात जायचा, आणि चिवडा काही उपासाला चालत नाही. तो तोंडात गेला की आतून कुणीतरी ओरडायचं, मोडला! आता मोडलाच आहे, तर राहिलं काय? मग सकाळची पोळी, गार भात, बिस्किटं, नुसती साखर. सगळं उभ्यानं, दिवा न लावता. चव कळायची नाही. भूक तर कधीच मेलेली असायची. पोट दुखायला लागायचं तरी हात थांबायचा नाही. माझाच हात, आणि माझंच ऐकत नव्हता.

मग डबे पुसून जागच्या जागी, तोंड धुऊन चहाचं आधण. सासूबाई आल्या की पदरानं घाम पुसत म्हणायच्या, "दमली असशील गं पोरी. दिसभर उपाशी." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि मग मी काय करायचे? प्रायश्चित्त! उपास मोडला म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक उपास, पहिल्यापेक्षा कडक. त्या दुसऱ्या उपासाच्या संध्याकाळी पुन्हा डबे. पुन्हा मोडला, पुन्हा प्रायश्चित्त. घाण्याच्या बैलाला तरी संध्याकाळी सोडतात, मला कोण सोडणार? ऑफिसात एकादशीला कुणीतरी हमखास म्हणायचं, "एकादशी, दुप्पट खाशी!" सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचे.

हे सगळं फुटलं ते अब्बासभाईंच्या डब्यामुळे. अब्बासभाई आमचं गोदाम सांभाळतात, माझ्या वडलांच्या वयाचे. एका गुरुवारी दुपारी ते माल उतरवून घ्यायला बाहेर गेले. त्यांचा डबा काउंटरमागे होता. मी झाकण उघडलं ते नुसतं बघायला. भानावर आले तेव्हा चारही पुडं रिकामी होती आणि अब्बासभाई दारात उभे होते. बटाट्याची भाजी होती म्हणून देवानं लाज राखली. खिमा असता तरी त्या क्षणी मी थांबले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मला वाटलं, आता हा माणूस चारचौघांत सांगणार आणि माझा बाजार उठणार. ते काहीच बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, भूक लागून खाणारा माणूस मी ओळखतो. तुम्ही रडत रडत खात होतात."

मी रडत होते हे मला माहीतच नव्हतं.

त्यांची भाची तबस्सुम मनाच्या आजारांची समुपदेशक आहे. तिच्याकडे जायला मी आधी साफ नकार दिला. "मला काय वेड लागलंय?" म्हणून अब्बासभाईंवरच खेकसले. पण पुढच्या चतुर्थीनंतर स्वतःच नंबर मागितला. काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तबस्सुम मॅडम माझ्याहून लहान, पण बोलायला खमक्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तोंडातून "अरेरे" नाही की "बिचारी" नाही. तिथेच त्या मला आवडल्या. मग म्हणाल्या, "योगिनीताई, धरणाचं पाणी दिवसभर अडवून धरलं आणि संध्याकाळी सगळी दारं एकदम उघडली, तर गोदेवर काय होईल?"

"काय होणार? घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडेल," मी म्हणाले. नाशिकच्या माणसाला हे काय विचारायचं!

"मग त्यात पाण्याचा दोष किती आणि अडवणाऱ्याचा किती?"

मी गप्प बसले. मी गप्प बसले हे वाक्य आमच्या ऑफिसात कुणी खरं मानणार नाही, पण बसले.

त्यांनी मला समजावलं, की हा खादाडपणा नाही, दुखणं आहे. याला नाव आहे, औषधपाणी आहे, आणि खूप जणींना असतं, फक्त सगळ्या जणी फळीपाशी एकट्या असतात. मी ज्याला प्रायश्चित्त समजत होते तेच त्या दुखण्याला खतपाणी घालत होतं. "उपास बंद," त्या म्हणाल्या. "सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, वेळेवर, ताटात वाढून घेऊन, बसून खायचं. आणि एखाद्या दिवशी पुन्हा तसं झालं, तरी पुढचं जेवण सोडायचं नाही. काही झालं तरी नाही."

मी म्हणाले, "बोलायला सोपं आहे मॅडम. तुमच्याकडेही रोजे असतात की."

"असतात. मी धरते. पण आमच्याकडे आजारी माणसाला माफी असते," त्या हसून म्हणाल्या. "तुमच्या देवीकडे नसेल असं मला तरी वाटत नाही."

घरी मी सांगितलं, पित्ताचं औषध चालू आहे, उपास बंद. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण औषध म्हटल्यावर गप्प राहिल्या. आणि मी सुरुवात केली. सोपं होतं? छे! नाकी नऊ आले. मधूनमधून पुन्हा व्हायचं. एकदा तर शेजारच्या बारशाचे पेढे अख्खे संपवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, पोट गच्च, मनात तेच, आज काही खायचं नाही, शिक्षा! समोर पोह्यांची बशी. मी त्या बशीकडे एखाद्या वैऱ्याकडे बघावं तशी बघत होते. आणि मग बसले, आणि खाल्ले. शेवटच्या दाण्यापर्यंत. ट्रकवाल्यांशी आजवर जेवढी भांडणं जिंकली असतील ती सगळी एका पारड्यात टाका, तरी त्या पोह्यांचं पारडं जड होईल. त्या दिवशी संध्याकाळी मी फळीजवळून गेले आणि हात वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन अब्बासभाईंना सांगितलं तर त्या म्हाताऱ्या माणसानं उठून सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही.

असं सगळं रुळावर येत होतं, आणि भाद्रपदात सासूबाईंना चक्कर आली. शुगर वाढलेली. गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी दम भरला, "आजी, वेळेवर जेवायचं. यंदा नवरात्राचे उपास अजिबात नाहीत."

आमच्या घरात नवरात्राचे उपास सासूकडून सुनेकडे जातात. घट बसायच्या दिवशी सासू सुनेची ओटी भरते आणि म्हणते, माझं व्रत तुला दिलं. सासूबाईंना त्यांच्या सासूनं दिलं होतं, तिला तिच्या सासूनं. कुणाच्याच काळात खंड नाही. दवाखान्यातून रिक्षात बसताना सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "देवीनंच येळ आनली बघ. आता तू हाये." त्या इतक्या मायेनं म्हणाल्या की मीही त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

माझी आता गत झाली, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नऊ दिवस उपास म्हणजे मी पुन्हा त्या फळीपाशी, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. नाही म्हणावं तर या बाईचा जन्माचा मान जातो. संतोषरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "तू म्हणशील तसं, फक्त आईला तू सांग." वा रे पुरुष!

सर्वपित्रीच्या दुपारी जेवणं उरकल्यावर सांगितलं. सासूबाई ओसरीत बसून घटासाठी आणलेली वावरी चाळत होत्या. कुणाच्या तरी शेतातली काळी माती मागून आणलेली, त्यातले खडे वेचत होत्या. मी समोर बसले आणि सगळं बोलले. फळी, डबे, चिवडा, अंधार, प्रायश्चित्त, अब्बासभाईंचा डबा, तबस्सुम मॅडम. काही म्हणजे काही ठेवलं नाही. मान मात्र खाली घातली नाही.

त्यांची चाळण हातात तशीच राहिली. मग म्हणाल्या, "म्हंजी मी गावभर सांगत होते आमची सून कडक, आन् तू चोरून खात व्हती?"

"हो."

"अगं मंग ती लत हाय. लत उपासानंच जाती!"

"उपासानंच आली, आई. उपास केला की ती येते. मी यंदा उपास करणार नाही."

"नको करू!" त्यांनी चाळण आपटली. माती उडून माझ्या साडीवर आली. "मला हातपाय हायेत. मी करते. मेले त देवीच्या पायाशी मरन. पन आमच्या घरात खंड पडायचा नाय."

"आई, डॉक्टर..." संतोषराव मधे बोलायला गेले.

"तू गप रे! बायकोच्या मागं लपतो!"

तेवढ्यावर विषय संपला. संध्याकाळी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही बाई.

दुसऱ्या दिवशी घट बसला. मी रजा काढली होती. सासूबाईंनी माती पसरली, धान्य पेरलं, मधे कलश ठेवला, माळ बांधली. हात कसे सराईत चालत होते! माझी ओटी काही भरली नाही. आरती झाली आणि त्या घटासमोर चटईवर बसल्या, ओठ मिटून. सकाळची गोळी घेतली नव्हती, पोटात अन्नाचा कण नव्हता. मी सकाळी उपमा खाल्ला तो त्यांच्यासमोर, बसून. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुपारी आमच्या समोरच्या कलाबाई आणि गल्लीतली आशा हळदीकुंकवाला आल्या. कलाबाई म्हणजे गल्लीतलं वर्तमानपत्र. आणि नेमकी माझी जेवायची वेळ झाली.

मी स्वयंपाकघरात उभी होते. वरण-भात, पोळ्या, भोपळ्याची भाजी, कांदा-लसूण न घालता केलेलं सगळं. मनात दोन वाटा अगदी स्वच्छ दिसत होत्या. एक, पाहुण्या जाईपर्यंत थांबायचं, म्हणजे जेवण चुकलं. दोन, इथेच ओट्यापाशी उभ्यानं पटापट चार घास गिळायचे, कुणाला कळणार नाही. ती दुसरी वाट माझ्या इतक्या ओळखीची होती की पोळी हातात आलीसुद्धा. मग माझाच मला राग आला. अगं, तू चोर आहेस का? कुणाच्या बापाचं खातेस?

दोन ताटं वाढली. एक सासूबाईंसमोर ठेवलं. बघितलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि हळदीचा करंडा धरलेला हात थरथरत होता. पण जबरदस्ती केली असती तर त्यांनी ताट भिरकावलं असतं, एवढी मी त्यांना ओळखते. दुसरं ताट घेऊन मी त्यांच्या शेजारी मांडी घातली. घटासमोर, कलाबाईंच्या डोळ्यांदेखत.

"आई, माझी वेळ झाली, मी जेवते," मी म्हणाले. "तुमचीही झालीय. तुमचं तुम्ही ठरवा. पण तुम्ही पडलात, तर हे घर मला एकटीला पेलायचं नाही."

आणि पहिला घास घेतला. ज्या बाईनं इतकी वर्षं माणसांपासून लपून खाल्लं, ती घट बसल्या दिवशी, देवीसमोर, अख्ख्या हिरावाडीच्या वर्तमानपत्रासमोर जेवत होती. घास चावत होते, आणि किती दिवसांनी मला भोपळ्याची चव लागत होती, गोडसर, मिरचीची.

कलाबाईंनी आशाकडे बघितलं, आशानं कलाबाईंकडे. मग कलाबाई म्हणाल्या, "काय गं सिंधू, कलियुग म्हनायचं! म्हातारी सासू उपाशी आन् तरणीताठी सून घटापुढं ताट घेऊन बसती. इतकी वर्षं लय सांगत व्हती, आमची सून कडक."

मला वाटलं, झालं. आता सासूबाई माझ्या नावानं बोटं मोडणार.

सासूबाईंनी मान वळवली. आधी माझ्याकडे बघितलं, माझ्या ताटाकडे, मग माझ्या तोंडाकडे. मग कलाबाईंकडे वळल्या, आणि त्यांचा तो आवाज निघाला, जो ऐकून भाजीवालेसुद्धा भाव कमी करतात.

"हाये कडक! आजून सांगते, कडक हाये! तुला काय म्हाईत गं, तिला हितं बसून जेवायला काय लागलं ते? उपाशी कुनीबी राहील. तू राहती, मी राहते, त्यात काय मोठं? हिनं दुखन्याशी झुंज घेतली, एकलीनं. आमच्या कुनाला ताकास तूर लागू दिली नाय. आन् काल माझ्या तोंडावर, डोळ्यात डोळा घालून सगळं सांगितलं. तुझी सून सांगती का तुला काही? ती तर तुला टीव्हीचा रिमोटबी हातात देत नाय!"

आशा खुदकन हसली. कलाबाईंचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. हात थरथरतच होता, म्हणून मी भात कालवून दिला. त्यांनी घटाला हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, देवीलाच सुनावल्यासारखं, "आंबाबाई, नेम मोडला नाय, बदलला. या नवरात्रात आम्ही दोघी येळेवर जेवनार. चुकलो त सांग." मग ओटीचं खण-नारळ पाटावर तसंच पडलेलं होतं, ते उचलून माझ्या पदरात घातलं. "घे. दिलं तुला. पन जेवून करायचं."

मला रडू आलं. जेवतानाच आलं. पण ते फळीपाशी यायचं तसलं नव्हतं. मला माझ्या सासूचा अभिमान वाटला, इतका की सांगता सोय नाही. आणि माझा स्वतःचा तर त्याहून वाटला.

सासूबाईंच्या तोंडावर हळूहळू तरतरी आली. तशी त्यांची जुनी सवय जागी झाली. वाढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझं ताट रिकामं झालेलं बघून त्यांनी भाताचं पातेलं जवळ ओढलं.

"घे आजून. घे गं, दोन घास."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. स्वतःला विचारलं, खरंच विचारलं, हवंय का? इतकी वर्षं मला एक तर रिकामं पोट ठाऊक होतं, नाही तर फुटेल असं. मधलं काही असतं हेच मी विसरून गेले होते. आणि ते होतं. आत, शांत बसलेलं.

"नको, आई," मी म्हणाले. "पोट भरलं."

सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि छाती काढून कलाबाईंकडे बघितलं.

"ऐकलं का कले? माझ्या सुनंचं पोट भरलं!"